पाच किलोंचा कडता

मोरबी,
२० नोव्हेंबर २०२३

ती. आबांच्या पायी हेमराजचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीला आलो नाही म्हणून मायने फोनवर बोलणं टाकलं आहे, आणि तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. खोलीत आम्ही नऊ जण. मी तुमच्यासाठी ओरडून बोललो की बाकीचे आठ जण समजतात भांडण लागलं, आणि सोडवायला धावतात. मार्केटशेजारच्या कापसाच्या जिनाच्या मशिनींनी तुमचे कान नेले पण डोळे ठेवले, म्हणून हा कागद. नववी नापासाचं अक्षर आहे, सांभाळून घ्या.

सुरत सोडली हे अक्काने सांगितलंच असेल. त्याच्या आधी अंकलेश्वर सोडलं, त्याच्या आधी पुणं. तुम्ही म्हणाल पोराच्या पायाला भिंगरी आहे. असेल. इथे टाइल्सचा कारखाना आहे, मी पावडरच्या खात्यात. संध्याकाळी आम्ही सगळे एकाच रंगाचे दिसतो, पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे.

आता मुद्द्याचं. माझ्या शेजारच्या खाटेवर शिरपूरकडचा झुलाल असतो. त्याच्या वडिलांचं ऑपरेशन झालं आणि दवाखान्याचं सगळं बिल विम्याने भरलं. तेव्हापासून मला चैन नाही. तुमचं वय अठ्ठावन्न, पायऱ्या चढताना धाप लागते, हे मला काय दिसत नाही का? लीलाधर दाजींच्या ओळखीचा पारोळ्याचा अभिमन विम्याचं काम करतो, तो फॉर्म घेऊन येईल. हप्ता मी भरणार, त्यात तुम्ही बोलायचं नाही. फक्त एक आहे, फॉर्मात वजन विचारतात. शंभराच्या वर गेलं की हप्ता जवळजवळ दीडपट. खरं सांगू, मला हे बरोबरच वाटतं. जो जास्त खाईल तो जास्त भरेल. व्यापाऱ्यांची फुकटची जिलेबी तुम्ही खायची आणि तिचा हप्ता मी मोरबीत भरायचा, हे कुठल्या गावचं! रागावू नका, हसत लिहितोय. रोज स्टेशनपर्यंत चालत जात जा.

मायला सांगा, होळीला नक्की. तुमची माया आहे तशीच राहू द्या, एवढंच मागणं.

आपला,
हेमराज

*

धरणगाव,
४ डिसेंबर २०२३

चि. हेमराज यास आबाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर नववी नापासाचं वाटत नाही, सातवी नापासाचं शे. पण मजकूर समजला.

अभिमन येऊन गेला. पोरगा भारी बोलका, मला ऐकू येत नाही हे कळल्यावरही त्याचं तोंड थांबलं नाही. फॉर्म बठ्ठा मी माझ्या हाताने भरला. बिडी नाही, तंबाखू नाही, दारू नाही, तीन ठिकाणी नाही लिहिताना बरं वाटलं. वजनाच्या रकान्याशी आल्यावर तो म्हणाला की अंदाजे टाका. मला ते आवडलं नाही. चौतीस वर्षांचा लायसनदार मापाडी मी, आणि माझं स्वतःचं वजन अंदाजे? त्याला मार्केट यार्डात घेऊन गेलो. सकाळी दादर ज्वारीची पोती तोलली होती त्याच काट्यावर चढलो. आकडा आपल्या पुना हमालाने वाचला, मग मी चष्मा लावून वाचला. एकशे चार भरले.

मग रीतीप्रमाणे वजनातून कडता कापला. कपडे आणि चपला हे बारदान, एक किलो. पोटातलं अन्नपाणी ही ओल, दोन किलो. वर रिवाजाचे दोन. पोत्याला कापतो तसेच पाच कापले आणि निव्वळ नव्याण्णव लिहिले. अभिमनने माझे दोन्ही हात धरून हलवले. का ते मला तेव्हा नीट कळलं नाही.

जाड माणसाने जास्त भरावं हे तू लिहिलंस. मलाही ते गैर वाटत नाही. जड पोतं उचलायला हमाल जास्त मागतो आणि आपण देतो. फक्त एक विचार मनात येतो. पोतं स्वतःला भरत नसतं. सकाळी आठपासून स्टुलावर बसायचं, उठायचं नाही, कारण मापाडी उठला की गाडीवाला ओरडतो. चहा येतो तो साखरेचा, भजी येतात ती तेलातली, नको म्हटलं तर व्यापाऱ्याला वाटतं हा आज आपल्यावर फिरला. अशी चौतीस वर्षं भरली तर पोतं फुगणारच. पण हे लिहायला फॉर्मावर जागा नव्हती.

तुझी माय रुसलेली शे. पण शेवया वळताना तुझा वेगळा डबा भरते, हे तिने मला लिहू नका सांगितलं म्हणून लिहितो.

तुझं भलं चिंतणारा,
चुडामण

*

मोरबी,
१९ डिसेंबर २०२३

ती. आबांस हेमराजचा दंडवत, वि. वि.

तुमचं पत्र मी खोलीत मोठ्याने वाचलं. बापाने स्वतःच्या अंगावर कडता कापला म्हणून सगळे लोळून हसले. झुलाल म्हणाला, ह्यांना कंपनीतच नोकरीला ठेवा. मीही हसलो. पॉलिसीचा कागद अभिमनने फोनवर पाठवला, त्यात तुमच्या नावापुढे ९९ छापलं आहे. हप्ता साधा लागला, दीडपट नाही. आता मी रात्री झोपतो.

घराची माया आणि तुमचा धाक दोन्ही माझ्यावर असू द्या.

आपला,
हेमराज

*

धुळे,
१४ जानेवारी २०२५

चि. हेमराज यास अक्काचे संक्रांतीचे आशीर्वाद.

फोनवर तू ओरडतोस आणि मी रडते, त्यात निम्मं राहून जातं. म्हणून नीट लिहिते, नीट वाच.

आबा काट्यावरच कोसळले हे तुला सांगितलं. धरणगावहून इथे धुळ्याला आणलं, आता आठ दिवस झाले. हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत, बायपास करायची आणि लवकर करायची, असं डॉक्टर म्हणतात. सरकारी योजनेच्या खिडकीवर हे दोनदा जाऊन आले. तिथे सांगितलं की नाव लागेल पण तारीख एप्रिलच्या पुढची. डॉक्टर एप्रिलचं नाव ऐकायला तयार नाहीत. म्हणजे राहिला तुझा विमा.

विमा कंपनीचा एक माणूस आला होता. शांत, गोड बोलणारा. त्याने आबांचे सगळे जुने कागद मागितले. मायने विश्वासाने पिशवीच त्याच्या पुढ्यात ओतली. त्यात धरणगावच्या डॉक्टरांची एक चिठ्ठी निघाली, गुडघेदुखीची, फॉर्म भरला त्याच्या आदल्याच आठवड्यातली. कोपऱ्यात वजन लिहिलेलं, १०४. त्याने तिचा फोटो काढला, आबांना लवकर बरे व्हा म्हणाला आणि निघून गेला. आता कंपनी म्हणते, वजन लपवलं. बिल मंजूर होईपर्यंत दवाखाना ऑपरेशनची तारीख देत नाही.

तुझे दाजी वाईट नाहीत, पण काल घरात बोलून गेले की मी रोज पहाटे पांझरेच्या काठाने पाच किलोमीटर चालतो, माझ्या हप्त्यातून दुसऱ्याच्या भज्यांचं बिल का भरायचं, कंपनीचं काय चुकलं. मी तेव्हा त्यांच्यासाठीच मिरच्यांची भजी तळत होते.

आबा आनंदात असल्यासारखं दाखवतात. नर्सबाईंनी वजन केलं तेव्हा त्यांनी तो काटा खाली वाकून तपासला आणि म्हणाले, ह्याच्यावर शिक्का कुठे शे?

तू ये. रजा मिळत नसेल तरी ये.

तुझी,
दिपमाला अक्का

*

मोरबी,
२१ जानेवारी २०२५

सौ. अक्काला हेमराजचा नमस्कार.

रविवारी निघतो. ठेकेदार म्हणाला गेलास तर परत येऊ नको. तो असं सगळ्यांनाच म्हणतो.

दाजींना सांग, मी पण तेच म्हणायचो. जो खाईल तो भरेल, असं मीच आबांना लिहिलं होतं. आता मला कळत नाही. कंपनीने किलो विचारले, ठीक. पण ते किलो कुठे बसून चढले हे कोण विचारणार? आणि माझं बघ. माझं वजन एक्कावन्न, गुटखा सोडून दोन वर्षं झाली. कंपनीच्या हिशेबाने मी सोनं. सकाळी नाक शिंकरलं की पांढरं निघतं आणि जिन्यावर मला आबांसारखी धाप लागते, त्याला त्यांच्या फॉर्मात रकानाच नाही. आबांना फॉर्मने धरलं कारण त्यांचं दुखणं काट्यावर दिसतं. माझं दिसत नाही एवढाच फरक.

अभिमनशी तासभर बोललो. आधी शिव्या दिल्या, मग रस्ता विचारला. तो म्हणतो रस्ता एकच आहे. आबांनी लिहून द्यायचं की मार्केटचा काटा खराब होता, त्याने कमी दाखवलं, मी दिसलं ते लिहिलं. मग ती चूक होते, लपवणं होत नाही. वरचा हप्ता आता वसूल करून कंपनी बिल भरते, अशी दोन प्रकरणं त्याने केली आहेत म्हणतो. चार ओळींचं काम आहे. आबांना तू आत्तापासून तयार कर. माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील.

त्या पत्रावर मी हसलो होतो ग. तेव्हाच गाडी पकडून यायला पाहिजे होतं आणि फॉर्म फाडायला पाहिजे होता.

मायला धीर दे, उरला तर तू घे.

तुझा,
हेमराज

*

धुळे, दवाखान्यातून,
९ फेब्रुवारी २०२५

चि. हेमराज यास आबाचे आशीर्वाद.

तू न सांगता गेलास. माय खाली चहा आणायला गेली होती, ती दोन कप घेऊन आली. एक मी प्यालो, साखरेचा. डॉक्टरला सांगू नको.

माझ्या खाटेशी उभा राहून तू जे ओरडलास ते बठ्ठं मला ऐकू आलं नाही, पण तोंडावरून समजलं. बापाला मरायची हौस आहे असं तू म्हणालास. हौस नाही रे. मला अजून दहा वर्षं त्या स्टुलावर बसायचं होतं.

पण काटा खराब होता असं मी लिहू शकत नाही. का ते ऐकून घे. त्या काट्यावर दरवर्षी वजनमापवाले शिक्का मारतात. काटा क्विंटलमागे पाच किलो खातो असं मी सही करून दिलं, तर ज्यांची पोती मी तोलली ते उद्या माझ्या माघारी तुझ्या मायला विचारतील, आमचा किती माल गेला? लायसन जाईल ते जाऊ दे. काटा खरा होता, हेम्या. त्या आवारात एवढीच एक वस्तू खरी होती.

खोटं होतं ते कडत्याचं. हे मी तुला आजवर सांगितलं नाही. कडता कापायला कायद्याने कधीचीच बंदी शे. तरी आम्ही कापत आलो. गाडीवाला शेतकरी समोर उभा राहून म्हणायचा, आबा, पोतं माझं, माल वाळलेला, कापता कशाचं? मी म्हणायचो रिवाज शे. तो पावती खिशात घालून निघायचा. आपल्या हाताला सवय लागली की आकडा दिसला तरी पेन खालचाच लिहितं. त्या फॉर्मवर पेनने तेच केलं.

तू विचारलंस की शंभराची अट ठाऊक असून मी पाच का कापले. हे मी इथे पडल्या पडल्या खूप आठवून पाहिलं. तुझा हप्ता मनात होता की निव्वळ रिवाज होता, माझं मलाच ठामपणे सांगता येत नाही. दोन्ही असेल. तीन कापले असते तर एकशे एक झाले असते, एवढं मात्र त्या वेळी मनात येऊन गेलं. ते खोटं कशाला सांगू.

म्हणून मी माझ्या हाताने कंपनीला पत्र लिहिलं आणि दिपमालाला न विचारता वॉर्डबॉयकडून टपालात टाकलं. वजन एकशे चार भरलं होतं, पाच किलो कडता कापून नव्याण्णव लिहिलं, तो आमच्या धंद्यातला रिवाज, आता वरचा हप्ता काय असेल तो व्याजासकट घ्यावा, अशी विनंती केली. खाली लायसन नंबर घातला. तिथेही माणसंच बसलेली असतील. वाचतील.

तू जेवत जा. माझ्याकडे पाहून भिऊ नको, तुझं अंग मायच्या वळणावर शे.

तुझा,
आबा

*

धुळे,
६ मार्च २०२५

चि. हेमराज यास अक्काचे आशीर्वाद.

कंपनीचं उत्तर आलं. दोन पानं इंग्रजी आहे, यांनी वाचून सांगितलं. विमाधारकाने खरं वजन माहीत असूनही मुद्दाम कमी लिहिल्याचं स्वहस्ताक्षरात मान्य केलं आहे, त्यामुळे पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्द. बिल मिळणार नाही. सोबत पुरावा म्हणून आबांच्याच पत्राची झेरॉक्स जोडली आहे. कडता या शब्दाभोवती कुणीतरी पेनने गोल केला आहे आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं आहे. तो शब्द काय आहे हे त्यांनी कुणाला विचारलं नाही.

आबांनी झेरॉक्स हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, अक्षर चांगलं आलं शे. अभिमन फोन उचलत नाही.

मी घर गहाण टाकायचं बोलले. हेही तयार झाले, खरंच झाले, आता सकाळी चालायलाही जात नाहीत. पण कागदपत्रं होईपर्यंत आबांना दुसरा झटका आला. तो तुला फोनवर कळवला नाही, कारण तू रात्रीच्या रात्री कशात तरी बसून निघाला असतास. डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावून दार लावलं. हृदयात आता ऑपरेशन झेपेल एवढी ताकद राहिली नाही म्हणाले. महिन्यापूर्वी होती. गोळ्या लिहून दिल्या आणि घरी न्या म्हणाले.

चार दिवसांपूर्वी धरणगावला नेलं. पायांना सूज आहे, ओटा चढताना दोघांनी धरावं लागतं. मार्केटातून पुना हमाल रोज येतो. दोघं एकमेकांना ऐकू जात नाही असं काहीबाही तासभर बोलतात. माय स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. मी उद्या तिकडे राहायला जाते आहे, पुढचं पत्र धरणगावच्या पत्त्यावर घाल.

तुला ये म्हणत नाही, येऊ नको असंही म्हणत नाही. मागच्या वेळी तू चार दिवसांत पळालास, त्याचा मला राग नाही. मलाही कितीदा वाटलं.

तुझी,
अक्का

*

मोरबी,
१८ मार्च २०२५

सौ. अक्काला हेमराजचा नमस्कार, मायच्या पायावर डोकं.

तुझं पत्र मिळाल्यावर मी दोन दिवस कामाला गेलो नाही. बस स्टँडवर जाऊन बसलो. सुरतेच्या तीन गाड्या डोळ्यांसमोरून गेल्या, चढलो नाही. आबांच्या समोर उभा राहून काय बोलू ते ठरत नाही. माझं चुकलं म्हणू, तर ते म्हणतील तुझं काय चुकलं. त्यांचं चुकलं म्हणू, तर कसं म्हणू? खरं वजन छापलं असतं तर दीडपट हप्ता मी भरला असता का, हेही मी स्वतःला विचारलं. पहिल्या वर्षी भरला असता. दुसऱ्या वर्षी मी सांगू शकत नाही. मोबाइल नवा घेतला होता मी त्या वर्षी.

इथे एक नवीन निघालं आहे. ठेकेदाराने फर्मान काढलं की प्रत्येकाचा विमा पाहिजे, नाही तर गेटवर घेणार नाही. पैसे पगारातून कापणार. काल फॉर्म वाटले. झुलालचा आणि माझा मीच भरतोय, कारण ह्या खोलीत नववीपर्यंत गेलेला मी एकटा. वजन दवाखान्याच्या काट्यावर करून आणलं, भरलं तेवढंच लिहिलं, एकोणपन्नास. उंची लिहिली. व्यसन नाही. फॉर्म वाटणारा पोरगा म्हणाला, तुझा हप्ता सगळ्यात कमी लागेल, अंगाने हलका आहेस. हे ऐकताना मला खोकला आला, तो हसला, मी पण.

मग पाठीमागच्या पानावर घराण्याची माहिती विचारली आहे. आईवडिलांपैकी कुणाला हृदयविकार आहे का? आहे लिहिलं. कितव्या वर्षी झाला? एकोणसाठ लिहिलं. पोरगा म्हणाला, हे लिहिलंस तर तुझाही वाढणार, नाही लिहिलंस तर कोण बघायला येतंय? मी त्याला सांगितलं, येतात. गोड बोलतात आणि पिशवी मागतात. लिहून टाकलं ते लिहून टाकलं, वाढू दे.

त्याच्या खाली एक रकाना आहे. वडील हयात आहेत का? एवढाच रिकामा ठेवला आहे. महिनाअखेरीस फॉर्म गोळा करणार आहेत, तोवर माझ्या उशीखाली आहे. पोरगा दोनदा विचारून गेला की एवढं सोपं लिहायला काय लागतं.

अक्का, तू फोन करू नको. काहीही झालं तरी करू नको, दाजींनाही करू देऊ नको. फोन वाजला की मी तो पावडरच्या हौदात फेकून देईन. काय असेल ते पत्राने कळव. धरणगावहून इथे यायला पत्राला सहा दिवस लागतात, कधी आठ. घाईने जळगावला जाऊन टाकू नको, आपल्या गावच्या पेटीत टाक, ती एक दिवसाआड उघडतात. तेवढे दिवस मी त्या रकान्यात होय लिहून ठेवतो. त्यांच्या हिशेबाने ते खोटं ठरलं तरी ठरू दे.

आबांना माझा नमस्कार सांगताना कानाशी जाऊन, मोठ्याने सांग.

तुझा भाऊ,
हेमराज